बरणी क्रमांक सतरा

चिरा संपला की खाली ती लागते,
पांढरी, मऊ, बोटाला साबणासारखी.
खाणवाले तिला शिव्या देतात.
मी दोन पोती आणली, टेम्पोभाडं तीनशे,
रजिस्टरात नोंद माझ्याच अक्षरात:
य. रा. शिवलकर, प्रयोगशाळा परिचर.

रुबीना म्हणाली, काका, हिला आता शिकवायचं.
एवढी जुनी माती, म्हटलं, तिला आपण काय शिकवणार?
धरून ठेवायला, म्हणाली.

रुबीना होडेकर, एम.एस्सी.चं दुसरं वर्ष.
आई जैतूनबी ओहोटीला खाडीत उतरते,
पायाच्या अंगठ्याने चिखलातल्या तिसऱ्या ओळखते.
वरच्या अंगाला कारखाने आहेत.
त्यांचं पाणी रात्री येतं, दिवसा दिसत नाही.
आता बाजारात बायका आधी विचारतात, कुठल्या खाडीच्या?
जैतूनबी पलीकडच्या खाडीचं नाव सांगते
आणि वाटा मोजताना दोन तिसऱ्या जास्त टाकते.

माती वाळवली, कुटली, वस्त्रगाळ केली.
भट्टीत घातली, सातशे अंशाला, तीन तास.
मग आम्लात उकळली.
मग धुतली, पुन्हा धुतली,
लिटमस लाल व्हायचं थांबेपर्यंत धुतली,
बावीस बादल्या, सगळ्या मी भरल्या.

रुबीनाने फळ्यावर पापुद्रे काढले,
ताटात रचलेल्या घावनांसारखे.
कडांना जागा असतात, काका,
तिथे आधीच कोणी कोणी बसलेलं असतं.
त्यांना उठवायचं, शिशाला बसवायचं.
म्हणजे एसटीतली सीट, मी म्हटलं.
हसली. पण वहीत लिहून घेतलं.

या प्रकाराला अधिशोषण म्हणतात.
पोटात घ्यायचं नाही, अंगावर धरायचं.
नुसतं शोषण मला ठाऊक होतं,
एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा रोजंदारीवर.
पुढे एक अधि लागला की तोच शब्द कामाला कसा येतो,
सरांना विचारलं.
सर म्हणाले, परीक्षेत येत नाही.

आमच्या यंत्राचा दिवा गेलेला,
म्हणून नमुने कुरियरने कोल्हापूरला.
शुद्ध पाण्यात शंभरातलं एक्क्याण्णव शिसं मातीने धरलं.
रुबीनाने घरी फोन केला नाही.
खाडीचं पाणी आणा, म्हणाली.

खाडीच्या पाण्यात अकरा.

मीठ.
शिसं पोचायच्या आत
मिठाने सगळ्या सीटवर रुमाल टाकून ठेवलेले.

दोन महिने ती फार बोलली नाही.
मग एक बाटली मागवली, सहा आठवड्यांनी आली,
झाकण काढलं तर वरच्या मजल्यावरचा इतिहासाचा तास सुटला.
सडक्या अंड्यांचा वास, केसांत, डब्यात, माझ्या छत्रीत.
मातीच्या कडांना तिने गंधकाचे हात लावले.
गंधक शिशाला ओळखतं, काका,
मिठाकडे बघतसुद्धा नाही.

त्रेसष्ट.
सतराव्या वेळी, खाडीच्या खऱ्या पाण्यात, त्रेसष्ट.
मी खिडक्या उघडल्या. वास तसाच राहिला.

जैतूनबी एकदाच आली प्रयोगशाळेत,
चपला बाहेर काढून, मी नको म्हटलं तरी.
बरणी उचलून उजेडाकडे धरली.
हलवली. वजन घेतलं हाताने,
वाटा करतात तसं.
नि ही भरली का टाकणार खंय?

रुबीनाने माझ्याकडे बघितलं.
मी सरांच्या खुर्चीकडे. सर मीटिंगला.

प्रबंधात त्याचं एक पान आहे, शेवटून दुसरं,
पुढील संशोधनाची दिशा.

बरणी कपाटात आहे, खालच्या फळीवर,
झाकणावर मेण, मेणावर माझा अंगठा.
गच्च भरलेली, मूठभर माती,
तिने जे धरलंय ते अजून धरलेलंय.
मी मार्चमध्ये सुटतो.
नवीन पोरगा येईल त्याला सगळं दाखवीन,
पिपेटा, गॅसचा कॉक, गळकी बेसिन.
कपाट शेवटी.